वादळपाखराचा तो रविवार

तिचा नवरा बंदरातल्या वजनकाट्यावर कारकून होता. कपाटाएवढी केबिन, समोर ट्रकांची रांग. पण रविवारी होडीतून खोल समुद्रात गेला, की लाटांआड निसटणारा ठिपका बघून तो पाखराचं नाव सांगायचा. मोठाल्या दुर्बिणी बाळगणारे लोक त्याचा शब्द प्रमाण मानत, कारण खात्री नसली तर तो सरळ ‘नाही ओळखलं’ म्हणायचा. वादळपाखरू त्याला वीस वर्षांत दोनदाच दिसलं: चिमणीहून थोडं मोठं, काळं, पांढऱ्या कमरेचं, पाण्यावर पाय टेकवत उडणारं.

मग ती जिन्यावरून पडली आणि कमरेखाली लुळी झाली. चौथा मजला, लिफ्ट नाही. तो कामावर असताना शेजारच्या काकू बघायच्या; त्याचे रविवार मात्र तिच्या खाटेला बांधले गेले. तो कधी कुरकुरला नाही, आणि तेच तिला खुपायचं. खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. खिडकीशी तासन्‌तास उभी असलेली त्याची पाठ बघून तिचा जीव गुदमरायचा.

सहाव्या वर्षी होडीवाला सांगत आला, की वादळपाखरू पुन्हा फिरकलंय. नवरा नको म्हणाला. ती म्हणाली, “जाऊन या. शेजारच्या काकू येणार आहेत.”

काकू त्या दिवशी परगावी होत्या, आणि ते तिला ठाऊक होतं. ती दिवसभर एकटी पडून राहिली. घशाला कोरड, अंथरूण ओलं. दिवेलागणीला तो आला आणि काय ते समजला. त्याने तिला पुसलं, चादर बदलली.

“दिसलं?” तिने विचारलं.

“दिसलं. अगदी होडीजवळ आलं होतं.” मग त्याची झेप, त्याचं वळण, सगळं सांगत बसला.

पुन्हा मात्र तो गेला नाही. तिने परोपरीने विनवलं, अबोला धरला, पण तो हलला नाही. निदान एक दिवस आपण त्याला मोकळं केलं, एवढ्यावर तिने पुढची चार वर्षं काढली.

तो वारला. आता दोन वेळा एक बाई येते, जाताना बाहेरून कुलूप लावते. महिन्याभराने होडीवाला भेटायला आला, तेव्हा तिने कौतुकाने त्या पाखराचा विषय काढला. तो गोंधळला.

“वहिनी, त्या दिवशी इंजिनच बंद पडलं. किनारा समोर दिसत होता आणि आम्ही तिथेच अडकलेलो. पाखरू कुठलं? सारखं घड्याळ बघत होते ते.”

तिला आधी रागच आला. ती इथे आणि नवरा तिथे, दोघंही दिवसभर अडकून पडले होते, आणि तिला कळलं ते आज. बाई कुलूप हातात घेऊन दाराशी ताटकळली.

“बसा भाऊजी,” ती म्हणाली. “त्या दिवसाचं सगळं, अगदी सकाळपासून सांगा.”