सामाईक कूड

दिवाळी सरली नि थंडी पडली. धुकं ओढ्यावरनं उठून माळावर यायच्या आधीच गोदी कामाला लागली होती. कारवीच्या काठ्या रांगेनं रोवलेल्या. आतून पळसमुळीची दोरी फटीतनं बाहेर सारायची, उठून वळसा घालून बाहेर जायचं, आवळून परत आत सारायची, की पुन्हा आत. कूड बांधायचं काम दोघींचं. एक आत, एक बाहेर. गोदी एकटीच दोघी झाली होती.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात ओढ्यापल्याडची कातकरीवाडी मोडली. जागा कुणा शेटनं घेतली. एका दुपारी मशीन आलं नि घरं आडवी झाली. बाप्ये नुसते उभे राहिले. बायांनी ढिगातनं वासे, काठ्या ओढून काढल्या, डोक्यावरनं ओढ्याअल्याड आणल्या नि या माळावर आपापल्या घरांच्या जागा आखल्या. पावसाळा ताडपत्रीखाली काढला. दिवाळीनंतर पोटामागं सगळी वीटभट्ट्यांवर गेली. विधवा गोदी तेवढी राहिली. म्हणाली, "चूल पेटती ठेवते. नायतं म्हनतील, हितं कोन ऱ्हातच नाय."

हा कूड तिचा नि शेजारीण प्रमिलाचा. जुन्या वाडीत दोघींच्या घरांमध्ये एकच कूड होता. आपली बाजू आपण लिंपायची, दुसरीच्या बाजूला हात लावायचा नाही, अशी रीत. लिंपण झडलं की फटीतनं मीठ जायचं, शिव्याही जायच्या.

गावातली हौसा बांधावरनं आली. तिच्या खाचरात गोदी मजुरीला जायची.

"गोदे, भाताच्या झोडणीला येतंस ना गो? का राजवाडा बांधतंस?"

"बांधते. तू ये दिवानजी म्हनून."

हौसा हसली, पण निघाली नाही. "आमच्या अनिलला प्रमिला भेटली, आसनगावला. भट्टीजवळच जागा बघितली म्हने त्यांनी. आता येत नाय."

गोदीचा हात थांबला. "होळीला येल."

"होळीलाबी नाय. बाकीच्यांचाबी भरवसा नाय. एका घराची का वाडी होते, गोदे? तिची बाजूपन तूच लिंपून टाक. वारा तरी लागायचा नाय."

"तिची बाजू ती लिंपंल."

"नि नाय आली तं?"

गोदीनं दोरीचं टोक फटीतनं बाहेर सारलं. "हौसाबाय, येवढी वढ गो."

हौसानं कातकऱ्याच्या घराला कधी हात लावला नव्हता. तिनं मागं गावाकडं पाहिलं. मग पदर खोचून बसली नि ओढू लागली. दोनचार गाठी झाल्या.

"मेले, बोटं सोलवटलीस माझी," म्हणत उठली. "दुपारची ये खळ्यावर."

"येते."

हौसा धुक्यात दिसेनाशी झाली. गोदीनं तिच्या गाठी चाचपल्या. ढिल्या होत्या. तशाच राहू दिल्या.

पुढच्या फटीतनं दोरी सारली, गुडघ्यावर हात टेकून उठली, वळसा घालून प्रमिलाच्या घरात गेली. तिथं नुसतं गवत होतं, दवानं भिजलेलं. त्यात बसली नि दोरी आवळली.