दीपालीताईचे राक्षस पळून जातात

दीपालीताई सोमवार ते शनिवार लोकांचं रक्त काढते आणि रविवारी आमचं. सहा दिवस एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, उपाशीपोटी आलेल्या माणसांना "मूठ आवळा, दुखणार नाही, दुखलं तरी मला सांगू नका" असं म्हणत. रविवारी दुपारी तीन ते सहा कसबा पेठेत, तांब्याची भांडी ठोकणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर. तिथे एक लांब टेबल आहे आणि टेबलाच्या डोक्याशी ताईची खुर्ची.

खेळ असा. आम्ही तिघं एकेक वीर होतो. आनंददादा चिलखतवाला सरदार, रुपाली जादूगारीण, मी, म्हणजे संस्कृती, चोर. उरलेलं सगळं जग एकटी ताई. जंगल ती, पूल ती, राक्षसही ती. आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं, नकाशावर बोटभर बाहुल्या सरकवायच्या. जमलं की नाही ते फासे ठरवतात.

बाकी ठिकाणी म्हणे राक्षस टोकन घेतल्यासारखे एकेक पुढे येतात आणि मरतात. ताईकडे ती सोय नाही. तिच्याकडे दोनशे पानी वही आहे, दर राक्षसाला एक पान, आणि दर पानावर तेच तीन प्रश्न: याला हवंय काय? हा भितो कशाला? पळायची वाट कुठली?

भांडण लांडग्यांवरून झालं. आनंददादा सहा महिने जमवलेलं चिलखत घालून वाटेच्या मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "या!" लांडग्यांनी त्याला वळसा घातला, मागे रेंगाळलेल्या जादूगारिणीची तंगडी धरली आणि तिला झाडीत ओढत नेलं. रुपाली तीन फाशांत मेली. ती खूश होती. "मेले, पण काय मेले!" असं चार जणांना फोन करून सांगत होती. चिडला होता तो आनंददादा, ज्याला साधं खरचटलंही नव्हतं.

"हे अनफेअर आहे, राईट?" तो आयटीत आहे, शेवटी राईट लावल्याशिवाय त्याचं वाक्य पुढे जात नाही. "मी समोर उभा आहे. त्यांनी माझ्यावर यायला पाहिजे."

"का?" ताई.

"का म्हणजे? मी समोर आहे!"

"समोर शनिवारवाडापण आहे. कोण चावतं का त्याला?"

माडी संजयदादाची. तो खेळत नाही, मालक असल्यासारखा फेऱ्या मारतो आणि प्रत्येक गोष्ट बेसिकली सांगतो. "बेसिकली दीपाली, लोक आठवडाभर ऑफिसात हरून येतात. रविवारी तरी जिंकू दे. पुढच्या वेळी राक्षस सरळ लढू देत. नाहीतर बेसिकली, टेबल आनंदकडे."

ताईने फासे ओढणीला पुसून डबीत भरले. "माझे राक्षस सरळच लढतात. जगायला."

तिच्याबरोबर मी मंडईपर्यंत चालत गेले. फडके हौदाच्या चौकात ती म्हणाली, "लॅबमध्ये मी कोण आहे? सुई. बारा वर्षं सुई. या तीन तासांत मी बोलते आणि माणसं ऐकतात. ती खुर्ची मी सोडणार नाही, संस्कृती. आणि खुर्चीसाठी लांडग्यांना बावळटही करणार नाही."

मंडईच्या बाहेर, फुटपाथच्या कडेला तिची आई बसते. यमुनाबाई. निळी चादर, तिच्यावर लिंबं, मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या. मी "जय भीम, आजी" म्हणेपर्यंत पलीकडून शिट्टी आली. "गाडी आली, गाडी!" अतिक्रमणवाल्यांची गाडी. आजींनी चादरीची चार टोकं एका मुठीत धरली, गाठोडं खांद्यावर, आणि पासष्ट वर्षांची बाई बोळात गडप. आख्खी रांग गडप. पाच मिनिटांनी गाडी गेली, आणि प्रत्येक जण पुन्हा आपापल्या फरशीवर. एकही लिंबू इकडचं तिकडे नाही.

"भांडायचं न्हाई," आजी धापा टाकत म्हणाल्या. "माल वाचवायचा. जागा सोडायची न्हाई."

ताई वही काढून लिहीत होती.

पुढच्या रविवारी गुहेत गॉब्लिन होते. कमरेएवढे, हिरवे, चोरटे. आनंददादा तलवार उपसून आत शिरला. ताईने दोन बोटं ओठांत घालून शिट्टी मारली आणि मंडईचा आवाज काढला, हुबेहूब: "ए सरक की! गाडी आली रं! तुझा हंडा उचल आधी!" गुहा रिकामी. तलवार दगडावर. आम्ही बाहेर पडायला वळलो तर डोक्यावर धोंडे. परत आत, परत शिट्टी, परत कुणी नाही. तिसऱ्या खेपेला आनंददादाने फासा आपटला.

"हे राक्षस आहेत की फेरीवाले?"

"आज पहिल्यांदा तू त्यांच्याकडे नीट बघितलंस," ताई म्हणाली.

संजयदादाने घसा खाकरला. "बेसिकली, झालं."

टेबल गेलं. खुर्चीही.

त्यानंतरच्या रविवारी टेबलाच्या डोक्याशी आनंददादा. त्याचे राक्षस शिस्तीचे. साडेतीनपर्यंत आठ मेले, सगळे समोरून, सगळे चिलखतावर आपटून. रुपालीला जांभई आली. माझा चोर नुसताच उभा होता, चोरायला कुणी मागे उरतच नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. काखेत निळी चादर घेऊन ताई आली. जिन्याच्या तोंडाशी, फरशीवर चादर अंथरली, नकाशा आणि गॉब्लिन मांडले, मांडी घातली. रुपाली टेबलावरून उठली ती थेट चादरीवर. मी तिच्या मागे.

"अगं, हे काय?" संजयदादा.

"टेबल तुम्ही घेतलंत. मी टेबलावर नाहीये."

"फरशीपण माझीच आहे, बेसिकली!" असं म्हणत तो आमच्याकडे यायला लागला.

मी शिट्टी मारली.

एक टोक ताईने धरलं, एक रुपालीने, एक मी. चौथं धरायला कुणी नव्हतं, त्यामुळे फासे टणाटण पायऱ्यांवरून खाली. तरी निसटलो. खाली हातोड्या थांबल्या, एका कारागिराने अर्धवट घंगाळ बाजूला सारून जागा करून दिली. वर संजयदादा मोकळ्या फरशीकडे बघत उभा. तो आत गेला तशा आम्ही वर. तीच फरशी, तीच चादर, आणि एक गॉब्लिन कमी, पाचव्या पायरीवर राहिलेला.

दुसऱ्या खेपेला शाईपेन सांडलं. संजयदादा म्हणाला, "हा पोरकटपणा आहे." ताई म्हणाली, "हो. पाच मिनिटांनी परत करू."

तिसऱ्या खेपेला मी शिट्टी मारली, टोकं उचलली, आणि काहीच सांडलं नाही. वळून बघितलं तर चौथं टोक आनंददादाच्या हातात.

"बघता काय, पळा!" तो ओरडला. टेबलावर त्याचे सहा शिस्तीचे राक्षस एकटेच रांगेत उभे होते. खाली घंगाळांमध्ये बसल्यावर धाप लागलेल्या आवाजात तो ताईला म्हणाला, "पण आता लांडगे आले तर माझ्याकडेपण एखादा पाठव, राईट?"

"मागे रेंगाळ," ताई म्हणाली, "पाठवते."

वर आलो तेव्हा संजयदादा आमच्याच फरशीवर उभा होता. तो हलला नाही. ताईने त्याच्या पावलांभोवती चादर अंथरली, त्याच्या बुटाशी एक डोंगर काढला आणि वही उघडली.

"बेसिकली," तो म्हणाला, "टेबलावर बसा. तुझी खुर्ची तशीच आहे."

ताईने वर बघितलं नाही. जिन्याकडे बोट केलं.

"नको. इथूनच बरंय. पळायची वाट जवळ आहे."