चिखलीतलं तीन तासांचं जेवण

"चिखलीला कोणी फिरायला जातं का?" बायकोनं विचारलं. म्हटलं, मी जेवायला चाललोय. अर्धं खरं होतं. पुण्यात आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये एक जागा निघाली होती. देऊळघाटचा रफिक, वसतिगृहातला माझा दोस्त, ती घेईल का हे मला समोरासमोर विचारायचं होतं. फोनवर तो सगळं हसण्यावारी नेतो.

पुण्याहून संध्याकाळची बस धरली की सकाळी चिखलीत उतरता येतं. जालन्यापुढे रस्ता चांगला झालाय म्हणतात, माझ्या मानेला विचारा! पण डिसेंबरात जाच. कोवळं ऊन, धुकं, आणि गाड्यांवरून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांवर बसलेला. मी मैलोन्‌मैल तेवढंच बघत होतो.

स्टँडमागच्या गल्लीत काकूंची खानावळ आहे. कडुनिंबाखाली चार टेबलं, पाटोडीचा झणझणीत रस्सा, ज्वारीची भाकरी, ठेचा. स्वस्तात पोटभर. अकरालाच जा, नंतर बाजारातली गर्दी येते.

"काऊन आला बे एवढ्या दुरून?" बसल्या बसल्या रफिकनं विचारलं.

"आधी जेव. नियम विसरलास?"

"हाव, तेही खरं हाये."

वसतिगृहातला आमचा नियम: जेवताना कामाचं बोलायचं नाही, आणि एकाचं संपेपर्यंत दुसऱ्यानं उठायचं नाही.

मग काय, गप्पाच गप्पा. विहिरीत मारलेल्या उड्या, रेक्टरचा कोंबडा. पानांतून गळणारं ऊन ताटांवरून हळूहळू सरकत होतं. आपण पुन्हा सतरा वर्षांचे झालोय असं मला खरंच वाटू लागलं.

"एक गंमत सांगतो," तो मध्येच म्हणाला. "बीटी कपाशीच्या पाकिटात साध्या सरकीची एक पुडी येते. बांधाच्या कडेनं लावाची, अळीच्या वाट्याची. म्या फेकून देल्ली. आपल्या वावरात अळीले काऊन जेऊ घालाचं? साऱ्या गावानं फेकली. यंदा बोंड फोडलं का आत अळीच! साऱ्या वावरात जेऊन राह्यली." तो हसला. मला हसता आलं नाही.

माझं ताट कधीच रिकामं झालं होतं. त्याच्या ताटात भाकरीचा एक घास उरला होता. तो रश्श्यात बोट बुडवायचा, चाटायचा, पण घासाला हात लावायचा नाही.

"वाढू का?" काकू दोनदा विचारून गेल्या.

"थांबा काकू, जेऊनच राह्यलो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कशाला आलोय हे त्याला ठाऊक होतं. तो घास असेपर्यंत मला विचारता येणार नव्हतं. आधी राग आला. मग मीच अर्धी भाकरी मागून घेतली. ऊन भिंतीवर चढलं, गल्ली पेंगू लागली.

दोन वाजता रफिकनं तो घास खाल्ला, हात धुतला.

"विचार आता."

मी विचारलं.

"येतो," तो म्हणाला. बस, एवढंच. हेच ऐकायला मी एवढ्या दुरून आलो होतो, आणि वाटलं, नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं.

त्याला इथे पुण्यात येऊन चार महिने झाले. कँटीनमध्ये जेवायला अर्धा तास मिळतो. काल घंटा वाजली, सगळे उठले. रफिकच्या ताटात चपातीचा एक घास होता.

"चल रे, उशीर होतोय," मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं नाही.

"बस ना राजा. माह्यं जेवण व्हाचं हाये अजून."

मी खाली बसलो.