मालेमचे कान

सतीफ शहरात गॅरेजं पुष्कळ, पण जुन्या गाडीचा कार्बोरेटर बिघडला की लोक बूजमाचंच दार ठोठावत. त्याला सगळे मालेम म्हणत, म्हणजे उस्ताद. त्याचा दंडक एकच होता. मालेम इंजिन ऐकत असताना कोणी ब्र काढायचा नाही. एकदा एका शहाण्यानं मध्येच तोंड घातलं, तर बूजमानं त्याच्या हातात पेचकस दिला आणि स्वतः जेवायला घरी निघून गेला.

हल्ली गाड्यांना गॅसच्या टाक्या बसतात, कार्बोरेटरला कुत्रंही विचारत नाही. बूजमाचे गुडघे गेले होते, पाठ धरली होती आणि आता कानही दगा देत होते. हे शेवटचं त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. कान गेले की मालेमपण गेलं, मग उरतं काय? इंजिनावर तळवा ठेवायचा, थरथर ओळखायची, असे तो दिवस ढकलत होता.

त्या दुपारी तय्यब आला. मेंढ्या बाजाराला नेणारा, फार जुनं गिऱ्हाईक. त्याची म्हातारी फ्रेंच पिकअप वेग कमी झाला की आचके देऊन बंद पडत होती.

"घाटात गाढवानं मागं टाकलं हो मला! मेंढ्यासुद्धा हसल्या."

"गाढव तरुण असेल. बॉनेट उघड, आणि आता गप्प."

बूजमानं पेट्रोलचे बारीक जेट काढून फुंकले, तळाचा गाळ धुतला, हवेचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवला. इंजिन धडधडायचं आणि मरायचं. पुन्हा उघड, पुन्हा फुंक. उन्हं कलली, असरची बांग झाली तरी तेच. आयुष्य वाकून काढलं, आता पुरे, असं त्याच्या मनात आलं. तोल सावरायला त्यानं ओल्या फडक्यासकट हात कार्बोरेटरच्या बुडाशी टेकला, आणि तळव्याखालची थरथर एकदम एकसारखी झाली; इंजिन चालूच राहिलं.

तय्यबनं सुस्कारा सोडला. "थांबली एकदाची शिट्टी!"

"कसली शिट्टी?"

शब्द तोंडातून गेला आणि बूजमाला कळलं. बुडाच्या फाटक्या पॅकिंगमधून हवा आत शिरत होती, ओल्या फडक्यानं ती फट बुजली होती. दुपारभर ती किटलीसारखी वाजत असणार, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू गेली असणार. तय्यब मात्र मुकाट उभा होता, कारण मालेम ऐकतोय असं त्याला वाटत होतं. शरमेनं बूजमाचे कान तापले. आता हा हसेल, आणि उद्या सगळा बाजार हसेल.

तय्यब हसला नाही. त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, जवळ येऊन बूजमाच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"मालेम, बसा जरा. पॅकिंग मी कापतो. कसं कापायचं ते तुम्ही सांगा."

हे तो मोठ्यानं बोलला, एकेक शब्द सुटा करून. घरी म्हाताऱ्या आईशी तो असाच बोलायचा.

बूजमा बसला.