वडिलांनी सुधारलेली दूध संस्था

शाहूवाडीकडच्या आमच्या गावातली दूध संस्था चोर आहे, हे गावातल्या म्हशींनाही ठाऊक होतं. फॅट तपासायला चमचाभर दूध पुरतं. आमचा सेक्रेटरी सॅम्पल म्हणून पेलाभर काढून घ्यायचा. त्याच्या घरी खवा आटायचा आणि वास अख्ख्या आळीला यायचा. तक्रार कुणाचीच नव्हती, कारण जो तो घरून निघतानाच किटलीत तेवढं पाणी घालून आणायचा. आणि एवढं होऊनही गावात स्लॅबची घरं उठत होती, दिवाळीला संस्थेकडून दूधदरातल्या फरकाचे पैसे मिळत होते आणि मी त्याच दुधावर कोल्हापुरात कॉलेज करत होतो.

वडिलांना हे बघवेना. ते नुकतेच मास्तरकीतून निवृत्त झालेले. नव्वदचं दशक संपता संपता ते निवडणुकीला उभे राहिले आणि मास्तरांना नाही कसं म्हणायचं म्हणून गावानं त्यांना चेअरमन करून टाकलं. पहिल्याच दिवशी त्यांनी सेक्रेटरीला घरी बसवलं, पेला कपाटात कोंडला आणि लॅक्टोमीटर घेऊन स्वतः दारात उभे राहिले. पाण्याचं दूध परत!

पहिली परत गेली ती आमच्या आईची किटली.

"अवो, सवयीनं घातलं की!" आई सगळ्यांसमोर ओरडली.

सेक्रेटरीनं समोरच्याच गोठ्यात नवी संस्था काढली. पेला नवा, जरा मोठाच. सगळं गाव तिकडे गेलं. वडील मात्र रोज पहाटे टेबल पुसून बसायचे. मला त्यांची कीव यायची आणि गावाचा भयंकर राग यायचा. पुढे आमच्या एकट्या किटलीसाठी दूध न्यायला येणारा टेम्पो थांबेनासा झाला. माझी फी तर भरायची होती. एके सकाळी वडील किटली घेऊन मुकाट समोर गेले. सुट्टीला आलेला मी मागोमाग होतो.

सेक्रेटरी उठून उभा राहिला. "या मास्तर." त्यानं पेला काठोकाठ भरला, वडिलांकडे पाहिलं आणि निम्मा परत किटलीत ओतला. "तुमच्याकडनं एवढंच. तुमी पाणी घालत न्हाईसा, ठावं हाय मला."

घरी आल्यावर वडील आईला म्हणाले, "सगळ्यांचा पेला भरून घेतो. माझा निम्माच घेतला." चेअरमन झाले तेव्हाही त्यांची मान एवढी ताठ नव्हती.

आई चुलीकडे तोंड करून हसू दाबत होती. त्या सकाळचीही किटली तिनंच भरली होती.