मैंदर्गीच्या आखाड्यात दिलेला हात

केम स्टेशनावर गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते. तेवढ्यात मी, बिरू, एक वळकटी आणि भाकऱ्यांचे गाठोडे असे सगळे एकदाचे डब्यात चढलो. पोहोचवायला बिरूचा बाप म्हादबा धनगर आला होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि चेहरा असा की पोराला काळ्या पाण्यावरच धाडतो आहे. गाडी हलली तसा तो खिडकीशी चार पावले चालला.

"मास्तर, तुमचा शबूद हाय. ह्या जत्रंत पडला, तर पुन्यांदा तालमीचं नाव न्हाय काडायचं. गप मेंढरामागं यील."

"होय म्हादबा, शब्द आहे," मी म्हणालो, आणि गाडीने वेग घेतला.

वाचकांना माझी ओळख द्यायची तर मी केमच्या शाळेत मास्तर. पोटासाठी मुलांना पाढे शिकवतो, पण जीव सगळा कुस्तीत. स्वतः मी आयुष्यात एकच कुस्ती खेळलो, आठव्या वर्षी, चुलतभावाशी, आणि पडलो. तेव्हापासून मी कुस्तीचा जाणकार आहे. बिरू माझा जुना विद्यार्थी. तिसरीत शाळा सुटली, पण गावच्या आखाड्यात त्याने आसपासच्या सगळ्या पोरांना माती चारलेली. सोलापूरच्या वस्तादांना त्याच्याविषयी पत्र मीच लिहिले आणि म्हादबाला शब्दही मीच देऊन बसलो.

डब्यात समोर सोलापूरच्या एका कचेरीतले कारकून बसले होते. आम्ही कुस्तीला निघालो हे कळताच त्यांनी नाक मुरडले आणि मुंबईच्या जिमखान्यांवरच्या क्रिकेटचे कौतुक सुरू केले. कोणी किती रन काढले, कोणाचा चेंडू कसा वळला, हे सगळे त्यांना तोंडपाठ. मी कुर्डुवाडीपर्यंत ऐकून घेतले.

"त्या खेळात मध्येच चहा प्यायला थांबतात म्हणे," मी म्हणालो.

"थांबतात. त्यात काय?"

"काही नाही. आमच्यात समोरच्याला चहाची तलफ आली, तर आम्ही त्याला तेवढ्यात चीत करतो."

बिरू घोंगडीत तोंड घालून हसला. कारकुनांनी उरलेला प्रवास वर्तमानपत्र वाचण्यात घालवला. त्याच पत्रात दिलावर पहिलवानाची बातमी होती, आणि ती वाचायला मी शेवटी त्यांच्याकडूनच पान मागून घेतले. 'अजिंक्य दिलावर मैंदर्गीच्या जत्रेस जाणार' असा मथळा. दिलावरविषयी माझे मत असे: दक्षिणेत त्याच्यासारखा मल्ल आज नाही. उंची, ताकद, डावांचा साठा, सगळे त्याच्याकडे आहे. पण हल्ली त्याचे पोट सुटले आहे आणि कुस्ती लांबली की त्याला दम पुरत नाही. तरी काय, पंजाबातून उतरणाऱ्या मल्लांचा एवढा गाजावाजा होतो, त्यांतले चार जण दिलावरच्या एका मांडीखाली बसतील. त्याला डोळ्यांनी पाहायचे म्हणून मी पंधरा वर्षे झुरत होतो.

सोलापूर दुरून ओळखू येते ते गिरण्यांच्या धुराड्यांवरून. स्टेशनाबाहेर टांगेवाल्यांनी आम्हांला मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तीन भाषांत बोलावले आणि तिन्हींत भाडे एकच सांगितले. आम्ही पायीच निघालो. मल्लय्या वस्तादांचे घर विणकरांच्या आळीत. दारोदारी मागांची खटखट, उंबऱ्याबाहेर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत टाकलेल्या. वस्ताद मागावरच बसले होते. पासष्टीचे गृहस्थ, कान कुस्तीने चेंबलेले, बोटे मात्र सुतावरून अशी फिरत होती की तुटलेला धागा न बघता सापडावा.

"कूर्चो (बैस)," ते बिरूला म्हणाले, आणि तो बसल्यावर त्यांनी त्याची मान, खांदे, मांडी तशीच बोटांनी चाचपली. मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, पत्र छान लिहिलंय तुम्ही. पण पत्रावर मी पोरगा ठेवत नाही. परवा मैंदर्गीत मी पंच आहे. तिथे याने एक कुस्ती निकाली करावी. चीत करून. बरोबरीत सुटली तर मी ती धरणार नाही. केली, तर खुराकासकट तालमीत ठेवतो."

"आणि नाही केली तर?"

"तर गावाकडे मेंढ्या आहेतच की त्याच्या."

त्यांच्या घरी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी जेवलो. सोलापूरची कडक भाकरी पापडासारखी मोडते, आणि ती चटणी इतकी जहाल की मी दोन तांबे पाणी प्यालो. बिरू मुकाट्याने सहावी भाकरी मोडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अक्कलकोट रोड स्टेशन, आणि तिथून बैलगाडी. दोन्ही बाजूंना काळी सपाट रानं, शाळूची कणसं भरत आलेली, मध्येच एखादी बाभळ. गाडीवान कानडी. त्याने "यावूर री? (कोणतं गाव?)" असे विचारले, तेवढे कळले, पुढचे कळले नाही. पण 'दिलावर' हे नाव मात्र त्याला कळत होते. नाव घेतले की तो कासरा सोडून दोन्ही दंड थोपटून दाखवी आणि बैल वाटेवरून शाळूत शिरत. असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी शेताची मालकीण विळा घेऊन आली, तेव्हा मी दिलावरचे नाव काढायचे बंद केले.

मैंदर्गीत उतरण्याची सोय देवळाशेजारच्या धर्मशाळेत होती. तिथे हुग्गी (गव्हाची गूळ घातलेली घट्ट खीर) पोटभर मिळाली. वाढणाऱ्या बाई बिरूकडे बघून कानडीत काही म्हणाल्या. मराठी जाणणाऱ्या एकाने सांगितले, "म्हणतायत, हे लेकरू उद्या कुनाच्या अंगावर पडनार म्हून इचारा."

दुसरा दिवस कुस्त्यांचा. सकाळीच जोड्या ठरल्या. इकडे वजन करायला तागडी बिगडी काही नसते. मल्लांना लंगोटावर समोरासमोर उभे करतात, पंच दोघांकडे बघतात आणि जोड लावतात. ज्याची त्याची एक कुस्ती, दुसरी नाही. बिरूची जोड मंद्रूपच्या एका मल्लाशी लागली. मी त्या मंद्रूपकराला नीट न्याहाळले. पोरगा चांगला, पण डाव्या पायावर भार देत नव्हता. बिरू त्याला दहा मिनिटांत अस्मान दाखवील याविषयी मला तिळमात्र शंका उरली नाही. मनातल्या मनात मी म्हादबाला गाठून सांगूनही मोकळा झालो होतो.

दुपारी आखाडा भरला. तांबडी माती ताकाने आणि तेलाने मुरवलेली, भोवती माणसांचे कडे, झाडांवर माणसे, देवळाच्या भिंतीवर माणसे. हलग्या कडकडू लागल्या. आणि दिलावर आला.

त्याला त्या दिवशी जोड मिळाली नव्हती. त्याच्याशी लढायला कोणी पुढे आलाच नव्हता. अशा वेळी इकडची रीत अशी की मोठा मल्ल उजवा हात पुढे करून आखाड्याची फेरी घालतो. मातीत उतरून त्या हातात हात दिला की कुस्ती ठरली. कोणी हात दिला नाही, तर न लढताच मानाचा फेटा त्याचा. हे सगळे मला ठाऊक होते. चावडीवर मी हे दहादा समजावून सांगितलेले आहे.

पण दिलावर माझ्यासमोर आला आणि माझे डोके जागेवर राहिले नाही. पंधरा वर्षे ज्याच्या बातम्या वाचल्या, तो माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा होता, आणि त्याचा हात माझ्याकडे होता. आमच्या शाळेत दिपोटी साहेब तपासणीला येतात तेव्हा मास्तरांशी हात मिळवतात. त्याची तालीम मी आरशासमोर केलेली. मी आदराने वहाणा काढल्या, मातीत दोन पावले उतरलो, आणि त्या हातात हात घालून म्हणालो, "फार आनंद झाला."

हलगी थांबली. मग सारे मैदान असे हसले की झाडावरचा एक जण खाली पडला. माझी छाती तुम्ही पाहिलेली नाही. तीत दिलावरची एक बरगडीही मावणार नाही. खुद्द दिलावर माझ्याकडे मान वाकवून बघत होता.

"लडते क्या मास्टर?" त्याने फार नम्रपणे विचारले.

गावचे पाटील पंचांत होते. ते मात्र हसले नाहीत. "हात दिला म्हंजे दिला. मातीत उतरून दिलाय. आता त्यांनी लडावं, न्हायतर त्यांच्या गावचा गडी लडावा. दोन्ही न्हाय, तर नारळ फोडून आकाड्याची माफी मागावी, आन गावाचं नाव सांगून जावं."

मल्लय्या वस्तादांनी डोळे मिटून घेतले होते. मी लाजेने अर्धमेला झालो. "नारळ आणा," मी म्हणालो. तेवढ्यात बिरू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"नारळ नगं. मी लडतो."

"अरे, मंद्रूपची कुस्ती जाईल तुझी. एकच खेळता येते. ती तर हातातली आहे."

"जाऊ द्या की."

"बापाला काय सांगू मी? माफी मागतो, माझे काय जाते?"

"तुमी माफी मागायची? सगळ्या जत्रंत, केमचं नाव सांगून? आन मी हितं लंगोट लावून बघत बसू व्हय?" एवढे बोलून त्याने माझा हात दिलावरच्या हातातून सोडवला आणि आपला दिला.

मी कडेला येऊन बसलो. माझ्या हाताने पोराच्या जन्माचे वाटोळे केले, एवढेच डोक्यात. एरवी कुस्ती चालू असताना माझे तोंड बंद नसते. त्या दिवशी मी काढलेल्या वहाणा नुसत्या घालत आणि पुन्हा काढत होतो.

पहिली काही मिनिटे खडाखडी झाली. मग दिलावरने पट काढून, म्हणजे खाली वाकून पाय ओढून, बिरूला खाली घेतले आणि पाठीवर स्वार झाला. डावामागून डाव घातले. मला त्या प्रत्येकाचे नाव येत होते आणि तोड एकाचीही आठवत नव्हती. बिरू मातीला पोट लावून घोरपडीसारखा चिकटून राहिला. वेळ गेला. दिलावरचा श्वास मला कडेपर्यंत ऐकू येऊ लागला. शेवटी बिरू निसटून उभा राहिला आणि कुस्ती पुन्हा उभ्याने सुरू झाली.

दिलावर डोके खाली घालून पुढे आला. बिरूने डावा हात त्याच्या हनुवटीखाली घातला आणि तोंड अलगद खांद्याकडे वळवले. उजव्या हाताने मांडीच्या मागे धरले, गुडघा कुशीला लावला, आणि एक पाऊल मागे सरला. बस्स. एवढा मोठा दिलावर जागच्या जागी मातीत बसला. बसला तो कलला, आणि कलला तो पाठीवर गेला. दोन्ही खांदे मातीला लागले. बिरू छातीवर होता.

मैदानाला ते पटायला वेळ लागला. मग जो गलका उठला, तो अक्कलकोटपर्यंत गेला असेल. माझ्या शेजारचा अनोळखी माणूस "छलो आतु, छलो आतु (छान झालं)" म्हणत मला मिठी मारून रडत होता, आणि मी त्याला धरून रडत होतो.

दिलावर उठला, अंगावरची माती झटकली.

"कौन सा दाव था रे वो? मेरे कू नै मालूम."

"डाव न्हाय जी," बिरू संकोचाने म्हणाला. "मेंढरू कातराया बसवतो आमी तसं. त्वांड वळीवलं की त्येचं बळ जातं."

दिलावर पोट धरून हसला. "मेंडा समजा क्या मेरे कू?" पंचांनी मानाचा फेटा आणला होता. तो त्याने त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः बिरूच्या डोक्याला बांधला. माणूस मोठा होता, हे माझे मत त्या दिवशी पक्के झाले. मल्लय्या वस्तादांनी बिरूच्या पाठीवरची माती बोटांनी पुसली आणि म्हणाले, "चल. उद्यापासून पहाटे चारला उठायचं."

परतीच्या वाटेवर सोलापुरात बिरू तालमीच्या दाराशी थांबला आणि मी एकटा गाडीत बसलो. सगळ्या प्रवासभर मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना कुस्ती सांगत होतो. केम जवळ आले तशी मात्र एक गोष्ट ध्यानात आली. निघताना हरलो तर काय, हे मी आणि म्हादबाने ठरवले होते. जिंकलो तर काय, हे कोणीच ठरवले नव्हते.

म्हादबा माळावर मेंढरांत होता. मला एकट्याला येताना पाहून तो काठीवर रेलून उभा राहिला. मी सगळे सांगितले. तो खाली बघत ऐकत होता.

"मंग आता कवा यील घरी?"

"वस्ताद म्हणाले, दोन वर्षे तरी सोडणार नाही."

त्याने मेंढरांकडे पाहिले. शिमग्याच्या आत कातरणी व्हायची होती, आणि कातरायला आता तो एकटा होता.

"पडला आसता तर घरी आला आसता," तो म्हणाला.

मग म्हादबाने घोंगडी सावरली, पाठ ताठ केली, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि माळाच्या पार दुसऱ्या टोकाला मेंढरे वळणाऱ्या आपल्या भावाला हाळी दिली:

"आरं ये, आपला बिरू पडला न्हाय!"