एका दाण्यावर ठरवणारा माणूस

"यांना स्किझोफ्रेनिया आहे," चंद्रपूरचे डॉक्टर माझ्या बहिणीला म्हणाले. मी समोरच बसलो होतो, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. स्किझोफ्रेनिया म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेलं खरं वाटणं. मला त्यांचा चष्मा फोडावासा वाटला.

मला ऐकू येणारा आवाज कोंबडबाजारात जिंकणारा कोंबडा सांगायचा. सिंदेवाहीच्या पुढं जंगलात झुंजी लागायच्या. आवाज 'लाल' म्हणाला की मी लालवर लावायचो. हरलो तर समोरच्यानं करणी केली म्हणायचो. मोठ्या बहिणीला मी बाई म्हणतो. तिची शिलाई मशीन विकून मी बाजारात गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं शेजाऱ्यांकडून माझे हात धरवले आणि मला दवाखान्यात आणलं. तो राग अजून आहे.

गोळ्यांनी आवाज बारीक झाला. जुगार सुटला नाही. तुमच्या घरात असा कोणी असेल तर हे ऐकून ठेवा, कारण मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मग कॉग्निटिव्ह ट्रेनिंग सुरू झालं, म्हणजे विचार करण्याच्या सवयीची तालीम. दर बुधवारी, त्याच दवाखान्यात. तिथल्या मॅडमनी दोन डबे ठेवले. एकात तुरीचे लाल दाणे जास्त, लाखोळीचे राखाडी दाणे कमी. दुसऱ्यात उलट. पडद्यामागं एकाच डब्यातून त्या एकेक दाणा काढायच्या, मला दाखवून परत टाकायच्या.

"हवे तेवढे दाणे पाहा. मग डबा सांगा."

सहाव्या डावात पहिला दाणा लाल निघाला. मी तुरीचा डबा सांगितला. चुकला.

"तुमी डबा बदलला," मी ओरडलो.

त्यांनी शांतपणे वही दाखवली. "सहा डाव झाले. सहाही वेळा तुम्ही एकाच दाण्यावर ठरवलंत. कोंबडाही असाच ठरवता का?"

मी खुर्ची पाडून बाहेर आलो. पुढच्या बुधवारी जाणार नव्हतो.

"काय रे सुधा, बसमंधी बसतं का बांधून नेऊ तुले?" बाई म्हणाली. तिच्या हातात खरंच दोर होता.

मी गेलो. शिव्या देत गेलो, पण दाणे मोजायला लागलो. आधी तीन पाहिले, मग आठ. मॅडमनी घरी करायला वही दिली. आवाज काय म्हणाला आणि खरं काय झालं, दोन्ही लिहायचं.

ती वही खिशात घालून मी कोंबडबाजारात गेलो. बाईला सांगितलं नाही. एकाही झुंजीवर पैसे लावले नाहीत, नुसतं लिहीत राहिलो. आवाज काही वेळा बरोबर निघाला, जास्त वेळा चुकला. भर बाजारात मला रडू आलं. इतकी वर्षं ज्याच्यावर भरवसा ठेवला, तो माझ्याएवढाच आंधळा होता.

बरा झालो असं नाही. गोळ्या चालू आहेत, मॅडमचा शहाणपणा अजून डोक्यात जातो.

पण परवा जेवताना आवाज म्हणाला, बाईनं वरणात विष घातलं. ती माझ्याकडे पाठ करून वाढत होती, एवढंच मी पाहिलं होतं. पूर्वी ताट भिंतीवर गेलं असतं.

"काऊन जेवत नाई?" तिनं विचारलं.

"थांब जरा. पाहून राह्यलो."

तिनं त्याच भांड्यातलं वरण आपल्या भातावर घेतलं, कालवलं, खाल्लं. मीठ कमी आहे म्हणून स्वतःवरच चिडली.

मग मी पहिला घास घेतला.